बिनकार्डाचा फोन

आमच्या घरात टेलिफोनच्या तीन लाइनी होत्या आणि मला माझ्या मोबाईलमध्ये कार्ड घालायची परवानगी नव्हती. या दोन्ही गोष्टींचं कारण एकच होतं. माझ्या वडिलांचा, म्हणजे आप्पांचा, मंगळवार पेठेत एसटीडी-आयएसडी बूथ होता. पुढं रस्त्याला लागून काचेच्या दोन केबिनी, दाराशी एक टेबल, वर पिवळा बोर्ड; मागं पडदा सारला की आमच्या राहत्या दोन खोल्या. बूथवाल्याची मुलगी कुठल्याशा कंपनीचं कार्ड घालून गल्लीत बोलत हिंडली, तर गिऱ्हाइकांनी काय समजायचं, हा आप्पांचा सवाल. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. शिकवण्या घेऊन मी राजारामपुरीतल्या एका दुकानातून वापरलेला, जाड बटणांचा फोन आणला होता. आप्पांनी तो हातात घेऊन उलटा केला, झाकण काढलं, कार्डाची जागा मोकळी आहे याची खात्री केली आणि परत दिला. "असू दे. घड्याळ म्हणून वापर," म्हणाले. मी तो घड्याळ, गजर आणि याद्या ठेवायला वापरायला लागले.

बूथच्या डाव्या अंगाला डंक होता. मिरचीच्या दिवसांत, म्हणजे फाल्गुन ते ज्येष्ठ, सकाळी आठपासून तिथं मसाला कुटायला बायकांची रांग लागायची. धब, धब, धब असा तो आवाज भिंतीतून आमच्या ताटांपर्यंत यायचा. ताटातली आमटी बारीक थरथरायची आणि आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. वाटायचं ते गिऱ्हाइकांना. केबिनीत शिरलेला माणूस दोन वाक्यं बोलला, की मिरचीच्या खकाण्यानं त्याला ठसका लागायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, नाक वाहायचं. पलीकडच्याला वाटायचं, इकडं रडारड चाललीय. "न्हाय गं, रडत न्हाय, डंक हाय, डंक!" हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलं, की आजही कुणी फोनवर हुंदका दिला तर माझ्या मनात आधी मिरची येते. आई आजऱ्याची. तिच्या माहेरचा घनसाळ तांदूळ सणावाराला शिजायचा आणि तेवढा एकच वास त्या खकाण्याला पुरून उरायचा. फोन करायला आलेले लोक पडद्याकडं बघत म्हणायचे, "वैनी, आज काय विशेष?" आणि आई आतून म्हणायची, "बोला की आधी, पावणं. मग सांगतो." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, पुण्याला गेल्यावर मला ते लोकांना समजावून सांगावं लागलं.

ज्यांच्या घरी फोन नव्हता असे गल्लीतले पन्नासएक लोक आमचाच नंबर सगळीकडं द्यायचे. त्यांचा फोन आला की कुणीतरी जाऊन हाक मारायची. कुणाचं घर कुठं, घरी कोण किती वाजता असतं, कुणाला वाईट बातमी थेट सांगायची नाही, याची यादी मी आठवीत असताना केली आणि टेबलाच्या काचेखाली घातली. माझी ती पहिली यादी. त्यानंतर मी थांबलेले नाही. घरात आता माझ्या याद्यांवरून थट्टा होते, पण गॅसची टाकी कधी संपून जात नाही.

तर फोनबद्दल. समोर, बारा पावलांवर, एक सायबर कॅफे निघाला. त्याच्या मालकानं बिनतारी इंटरनेटचा डबा बसवला आणि मला शोध लागला, की त्या डब्याची लहर आमच्या बूथच्या पायरीपर्यंत येते. टेबलाच्या पुढच्या कडेपर्यंत, रस्त्याकडच्या केबिनीत थोडी, आणि त्यापुढं नाही. माझ्या फोनला ती पकडता यायची. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. माझ्या फोनात अशी सोय होती, की समोरच्या यंत्राचा तो पत्ता ठाऊक असेल तर थेट त्यालाच हाक मारायची. मध्ये कंपनी नाही, नंबर नाही, कार्ड नाही. अडचण एवढीच, की वीज जाऊन आली की पत्ता बदलायचा, आणि आमच्याकडं वीज रोज जायची. मी कॅफेवाल्याला विचारून त्याच्या एका संगणकावर तशीच सोय केली, कानाला लावायचा संच जोडून ठेवला, पायरीवर येऊन बसले आणि हाक मारली. मग पळत रस्ता ओलांडून तो संच कानाला लावला. पायरीवर ठेवलेल्या फोनात डंकाचा आवाज चालला होता, तो मला कॅफेत बसून ऐकू आला. जरा उशिरानं, पण आला.

परत आले तर आप्पा पायरीवरचा फोन हातात धरून उभे.

"कुणाचं कार्ड घातलंस?"

"कुणाचंच नाही."

"मग ह्यातनं तुझा आवाज कसा आला?"

"मीच बोलत होते. समोरून."

"समोरनं बोलायला फोन कशाला लागतोय? हाक मारली असतीस तर आलो असतो की." त्यांनी पुन्हा झाकण काढलं. जागा मोकळी. "ह्याचं बिल कुणाला येतंय?"

"कुणालाच नाही."

"मग हे काय टिकायचं न्हाय," आप्पा म्हणाले आणि फोन परत दिला. पण संध्याकाळी आईला सांगताना मी ऐकलं: "बिनकार्डाचं बोलतीया पोरगी. तारपण न्हाय." आवाजात तक्रार होती की कौतुक, ते कळलं नाही. त्यांच्या आवाजावरून कधीच कळायचं नाही. तो त्यांच्या धंद्याचा भाग होता.

त्या वर्षी पावसाळ्याआधी रस्ता रुंद करायला आमच्या पेठेत जेसीबी आला आणि त्यानं टेलिफोनची केबल उचकटून टाकली. एका दुपारी आमच्या तिन्ही लाइनी गेल्या, शेजारच्या गल्लीतले दोन बूथही मेले. आप्पा रोज सकाळी धुतलेला शर्ट घालून टेलिफोनच्या कचेरीत जायचे आणि "उद्या" घेऊन यायचे. आठ दिवस झाले. कॅफेचं इंटरनेट मात्र केबलवाल्याच्या तारेवरचं, खांबावरून आलेलं. ते चालू राहिलं. एवढंच असतं तर या प्रकरणात लिहिण्यासारखं काही नव्हतं. पण त्या आठवड्यात शुक्रवारी हौसाक्कांचे पाहुणे यायचे होते.

हौसाक्का डंकावर कामाला होत्या. मिरचीची देठं खुडण्यापासून मसाला चाळण्यापर्यंत सगळं त्या करायच्या. हाताला कायम लाली. नवरा नव्हता. एक मुलगा, महादेव, सगळ्यांचा म्हादू, मस्कतकडं एका बांधकामाच्या कंपनीत स्टोअरकीपर होता. शहरापासून दोन तास आत वाळवंटात त्यांची वस्ती. तिथल्या ऑफिसच्या नंबरवर हौसाक्का दर शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, आमच्या बूथवरून फोन करायच्या. त्याच्याकडं स्वतःचा मोबाईल नव्हता. का नाही, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि ती माझ्या यादीतली चूक म्हणावी लागेल.

म्हादूसाठी गारगोटीकडची मुलगी ठरत आली होती. अश्विनी नाव. फोटो गेले होते, पत्रिका जुळली होती, देण्याघेण्याचं बोलणं झालं होतं. मुलीचे वडील नव्हते. चुलते, तात्या, सगळं बघत होते. त्यांची अट एकच. "पोरगा लांब हाय, बघायला मिळत न्हाय. निदान त्याच्या तोंडनं ऐकू द्या. मग सुपारी फोडू." सुपारी फुटली की सोयरीक पक्की, त्यानंतर माघार घेणं म्हणजे दोन्ही घरांची अब्रू. शुक्रवार अंबाबाईचा वार म्हणून ते सगळे दर्शनाला येणार, तिथून बूथवर येणार, सगळ्यांसमोर मोठ्या आवाजावर म्हादूशी बोलणार आणि तिथंच सुपारी फोडणार, असं आप्पांनी केबल तुटायच्या आधी शब्द देऊन ठरवलं होतं. पाहुण्यांच्या मोबाईलवरून परदेशी फोन लागत नव्हता. स्टँडवर एक बूथ चालू होता, पण तिथं रांगेत उभं राहून सोयरीक कशी करायची? हौसाक्का दोन दिवस आमच्या टेबलाशी येऊन नुसत्या उभ्या राहायच्या. आप्पा त्यांच्याकडं न बघता रिसीव्हर उचलून कानाला लावायचे, ठेवायचे.

मंगळवारी मी आप्पांना म्हटलं, "माझ्या फोनवरून लागेल."

आप्पांनी मुका रिसीव्हर पुन्हा एकदा कानाला लावून ठेवला. मग म्हणाले, "सगळ्यांसमोर फजिती झाली तर?"

"आधी करून बघते. दोनदा."

म्हादूचा ई-मेलचा पत्ता माझ्याकडं होता. त्याच्या स्टोअररूममध्ये संगणक होता. मी त्याला पायरीपायरीनं लिहून पाठवलं: कुठं काय दाबायचं, स्वतःचा आकड्यांचा पत्ता कसा शोधायचा, तो मला सकाळी कधी कळवायचा. बुधवारी लागला. गुरुवारी पुन्हा लागला. आवाज स्वच्छ होता, पण उशीर होता. मी "एक" म्हणायचे, त्यानं ऐकल्याबरोबर "एक" म्हणायचं, आणि मी सेकंदकाटा बघायचे. पंधरा वेळा केलं. दरवेळी दोन सेकंद. कधी थोडं कमी, कधी थोडं जास्त, पण दोनच. वहीत लिहिलं: "पाहुण्यांना सांगणे – बोलून झालं की दोन मोजून थांबायचं." शुक्रवारी अकराची वेळ धरली, कारण त्या दिवशी आमच्या भागातली वीज एकला जायची होती.

शुक्रवारी पाहुणे दहाला आले. जीपमधून आठजण. कपाळाला मळवट, हातात अंबाबाईचा प्रसाद. पुरुष बूथमध्ये बाकावर आणि खुर्च्यांवर. बायका पडद्यामागं आमच्या स्वयंपाकघरात. अश्विनीही तिथंच होती. आई शिरा हलवत होती आणि अश्विनी न सांगता वेलदोडे सोलायला बसली होती. माझ्यापेक्षा वर्षभरानं लहान असेल. मी टेबल दारापर्यंत ओढलं, त्यावर स्टीलची ताटली पालथी घातली आणि ताटलीवर फोन ठेवला, म्हणजे आवाज मोठा येतो. सगळ्यांना दोन मोजायचं सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

फोन लागला. "हॅलो" आलं. हौसाक्का पुढं झाल्या. "म्हादबा, मी आई. ऐकू येतंय न्हवं? बोल की! का बोलत न्हाईस?" आणि तेवढ्यात "आई, येतंय" आलं, मग "बोलतोय की" आलं, आणि बाकावरचे लोक हसले. दोन कुणीच मोजले नाहीत.

तात्या खुर्ची सरकवून टेबलाशी आले. आडदांड माणूस, कोपरीच्या खिशात सुपारीची पुरचुंडी. "पावणं, मी अश्विनीचा चुलता. पोरगी पसंत हाय न्हवं?"

एक सेकंद गेला. तात्यांना तो फार वाटला. त्यांनी आवाज चढवला, "का घरच्यांनी बळंच तयार केलंय?"

आणि ताटलीवरनं ठणठणीत आवाज आला, "व्हय, व्हय तात्या!"

शेजारी डंक धबधबत होता. त्यामागून आलेला म्हादूचा पुढचा शब्द त्या आवाजात बुडाला. पडद्यामागं शिऱ्याचा झारा थांबल्याचं मला कळलं. हौसाक्कांनी पदर तोंडाला लावला. तात्या उठायच्या बेतात होते.

मी म्हटलं, "तात्या, हे उत्तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं आहे. आवाज जायला-यायला दोन सेकंद लागतात."

"आमच्या गावात बी फोन हाय, पोरी. मला शिकवू नगंस."

"तुमच्या घड्याळावर बघा." मी फोनात वाकून म्हटलं, "महादेव, ऐकल्याबरोबर 'बस्स' म्हणायचं. बस्स." तात्यांनी मनगट वर धरलं. एक, दोन. "बस्स." "पुन्हा. बस्स." एक, दोन. "बस्स." तिसऱ्या वेळी तात्यांनी स्वतःच गरजून "बस्स!" म्हटलं आणि घड्याळावर बोट ठेवून थांबले. दोनाला उत्तर आलं तेव्हा त्यांचा चेहरा मोकळा झाला. "आयला, खरंच की," ते बाकाकडं वळून म्हणाले. "वाटंत यळ लागतोय. थांबला म्हंजी काय न्हाय, वाटंत असतंय ते."

मग रीतसर झालं. "पोरगी पसंत हाय?" एक, दोन. "व्हय." "कुणाची जबरदस्ती न्हाय न्हवं?" एक, दोन. "न्हाय, न्हाय." बाकावरचे लोकही आता हलक्या आवाजात मोजत होते, गंमत म्हणून. "मग आता ज्येष्ठातला मुहूर्त धरतो. रजा घिऊन येताय न्हवं?"

एक, दोन. तीन. चार. पाच. सहा.

"व्हय," ताटलीतून आलं. "येतो की."

सगळे खूश. तात्यांनी मांडीवर थाप मारली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही, आणि ते साहजिक होतं. थांबण्याला काही अर्थ नसतो, हे मीच त्यांना पाच मिनिटांपूर्वी घड्याळ लावून पटवून दिलं होतं. दोन सेकंद वाटेचे होते. चार त्याचे होते. मी त्याच्याबरोबर पंधरा वेळा मोजलं होतं. ते चार सेकंद वाटेचे असणं शक्य नव्हतं.

फोन बंद झाला. आई म्हणाली, आधी पोहे, शिरा, चहा, मग सुपारी. म्हणजे वीसएक मिनिटं होती. मी ताटं न्यायला आत गेले. अश्विनीनं वेलदोड्याची टरफलं गोळा करता करता खालच्या आवाजात विचारलं, "ताई, त्यांचा आवाज एरवी बी असाच हाय का? जरा लांबनं आल्यावानी वाटला." मी म्हटलं, "फोनमुळं." आणि ताटं घेऊन बाहेर आले.

आप्पांचा एक नियम होता आणि तो त्यांनी मला टेबलावर बसवायच्या पहिल्या दिवशी सांगितला होता. केबिनीत जे बोललं जातं ते आपल्याला ऐकू येतं, कारण काच पातळ आहे. पण ते आपल्याला माहीत नसतं. गल्लीत कोण कुणाला सोडून चाललंय, कुणाची नोकरी गेली, कुणाला कसला आजार, सगळं आप्पांना ऐकू यायचं आणि त्यांनी ते आईलाही सांगितलं नाही. बूथ त्यावरच चालायचा. मी पोह्यांची ताटं वाटत होते आणि हिशेब करत होते: मी सांगितलं, तर काय सांगणार? चार सेकंद? तात्या हसले असते. आणि नाही सांगितलं, तर आत वेलदोडे सोलणाऱ्या मुलीची गाठ सहाव्या सेकंदाला आलेल्या उत्तराशी बांधली जाणार होती. शेवटचं ताट ठेवून मी फोन उचलला, रस्ता ओलांडला आणि कॅफेत जाऊन पुन्हा हाक मारली. म्हादू अजून तिथंच बसलेला होता.

"वैशाली? सुपारी फुटली?"

"नाही अजून. रजेचं विचारल्यावर थांबलात का?"

दोन सेकंद. "लाइन..."

"लाइन दोन घेते. तुम्ही सहा घेतलेत."

या वेळी मी मोजलं नाही. मग तो बोलायला लागला आणि न थांबता बोलला. पासपोर्ट कंपनीनं ठेवून घेतलेला, त्यामुळं फोनचं कार्डही मिळेना. जुनी मुदत संपल्यावर आणखी दोन वर्षांच्या कागदावर सही करून घेतलेली. तोवर रजा नाही. आईला सांगितलेलं नाही, ती घाबरेल. आता सुपारी फुटू दे, मुहूर्त जवळ आला की ऐन वेळी रजा रद्द झाली म्हणून कळवायचं, मग पुढं ढकलायचं, असं त्यानं ठरवलं होतं. "दोन वर्षं कशीबी निघत्यात," तो म्हणाला. "सोयरीक तर हातची जायला नको."

"हे त्यांना सांगा."

"तू सांग."

"मी नाही सांगणार. मी जोडून देईन. बोलायचं तुम्ही."

"आई हाय तिथं?"

"आहे."

"जोड," तो म्हणाला.

मी फोन तसाच हातात धरून परत आले, ताटलीवर ठेवला आणि म्हटलं, "महादेवना आणखी काही सांगायचंय." आप्पांनी माझ्याकडं बघितलं. तात्यांच्या तोंडात पोह्यांचा घास होता. म्हादूनं सगळं सांगितलं, मला सांगितलं त्यापेक्षा कमी शब्दांत आणि नीट. हौसाक्का चहाचा कप हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी तो टेबलाच्या काचेवर ठेवला, उचलला, परत ठेवला.

बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "पोरगा खरं तर बोलला. दोन वर्षं काय, थांबू या की."

तात्यांनी घास गिळला. "थांबायचं का ते..." आणि त्यांना पुढं काय म्हणायचं ते सुचायच्या आत पडदा बाजूला झाला. अश्विनी बाहेर आली. तिच्या बोटांना वेलदोड्याची टरफलं चिकटलेली होती. ती फोनकडं न बघता चुलत्यांशी बोलली.

"मी थांबलो असतो, काका. दोन वर्षं लई न्हाईत. पण ह्यांनी आईला सांगितलं न्हवतं. तुमाला 'येतो' म्हणून सांगितलं. सुपारी फुटल्यावर मला कोण सांगणार हुतं?" एवढं बोलून ती फोनकडं वळली आणि वाकून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुमचा पासपोर्ट मिळू दे. आंबाबाईला तसं सांगून आलो समजा. पण सुपारी नगं."

मग तिनं दोन मोजले. मी तिचे ओठ बघितले. सकाळपासून आठ माणसांत घड्याळ न लावता, गंमत न करता ते करणारी ती एकटीच. "बरं," तिकडून आलं.

तात्यांनी पुरचुंडी खिशात आत सरकवली. भांडण झालं नाही. आईनं शिरा डब्यात भरून जीपमध्ये दिला, कारण पाहुणे अर्ध्या ताटावरून उठले असं तिला गल्लीत म्हणवून घ्यायचं नव्हतं. जाताना तात्या मला म्हणाले, "तुझं यंत्र लई भारी हाय, पोरी," आणि ते चांगलं म्हणाले की वाईट, हे मला आजही सांगता येणार नाही. अश्विनीचं पुढं राधानगरीकडं एका दूधवाल्या घरात लग्न झालं, एवढं ऐकलं. म्हादू तिसऱ्या वर्षी परत आला आणि आता त्याचं गोकुळ शिरगावकडं हार्डवेअरचं दुकान आहे. मी तिथून खिळे, बिजागऱ्या आणते. आम्ही त्या दिवसाबद्दल बोलत नाही. आज सगळेच कुणाच्याही घरचं बिनतारी इंटरनेट पकडून बोलतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. माझ्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "पण यात विशेष काय?" आणि यंत्रापुरतं तिचं बरोबर आहे.

जीप गेल्यावर बूथमध्ये आम्ही तिघंच राहिलो. हौसाक्का बाकावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं मान वर करून बघितलं.

"तू मगाशी समोर गेलतीस. मी बघितलं."

"हो."

"तूच इचारलंस त्याला."

"हो."

"मग आधी मला येऊन सांगायचंस की. त्येंच्याआधी. मी त्याची आई हाय."

वीस मिनिटांत मी म्हादूचा विचार केला होता, अश्विनीचा केला होता, आप्पांच्या नियमाचा केला होता. दहा पावलांवर चहाचा कप धरून उभ्या असलेल्या बाईचा केला नव्हता. "चुकलं," मी म्हटलं.

"जोड आता," त्या म्हणाल्या आणि उठल्या. मी फोन जोडून हातात दिला. त्या रस्त्याकडच्या केबिनीत शिरल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. पडद्यामागं आई भांडी घासत होती. आप्पा टेबलामागून उठले, पायरी उतरले, आणि मीही त्यांच्यामागं बाहेर आले.

"तू किती मोजलेस?" आप्पांनी विचारलं.

मी त्यांच्याकडं बघितलं. "सहा. दोन वाटेचे, चार त्यांचे."

"मला मोजायला लागत न्हाय," ते म्हणाले. "'व्हय' म्हणायच्या आधी त्यानं दम घेतला, तवाच कळलं."

"मग तुम्ही..."

"मी बोललो नसतो."

त्यांनी ते सरळ सांगितलं, जसे ते गिऱ्हाइकाला लाइन लागत नाही म्हणून सांगायचे. केबिनीत हौसाक्कांचा आवाज चढायला लागला. काच पातळ होती. आप्पा आणखी चार पावलं पुढं गेले, शब्द कळणार नाहीत इतक्या अंतरावर, आणि पाठ करून उभे राहिले. थोड्या वेळानं मीही जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.